झाडाचा ठराव घेण्याआधी : सोलापूरच्या गृहनिर्माण सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
सहकारी गृहनिर्माण संस्था, सोलापूर शहर

विषय : आवारातल्या झाडांबद्दल निर्णय घेण्याआधी ती वर्षभर पाहावीत, ही विनंती.

सप्रेम नमस्कार.

झाडांची तपासणी, निगा आणि छाटणी हा माझा व्यवसाय. दोर आणि करवत घेऊन झाडावर चढणं हे रोजचं काम. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, सात रस्ता, अशोक चौक, सगळीकडून बोलावणं येतं आणि फोनवरचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं : "एक झाड वाळलंय, काढून टाकायचंय." मी जातो, बघतो. पुष्कळदा ते झाड चांगलं जिवंत असतं आणि महिना-दीड महिन्यात फुलणार असतं. म्हणून हे पत्र. एखाद्या झाडाला एकाच महिन्यात बघून त्याचा निकाल लावू नका. बारा महिने बघा आणि मग सभेत विषय घ्या, एवढंच मला सांगायचं आहे. पण ते का, हे नीट सांगितल्याशिवाय पटणार नाही.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो शिरीषावर. मार्गशीर्षात त्याची पानं झडायला लागतात, माघापर्यंत ते पूर्ण उघडं पडतं आणि फांद्यांवर उरतात त्या फक्त वाळक्या, पिवळट, वीतभर लांबीच्या चपट्या शेंगा. वारा सुटला की आतल्या बिया खुळखुळतात. खालून बघणाऱ्याला झाड संपलं असं वाटणं अगदी साहजिक आहे. विजापूर रोडकडच्या एका सोसायटीत फेब्रुवारीत असंच एक शिरीष पाडायचं ठरलं होतं. हाताला येईल अशी बोटाएवढी डहाळी धरून मी तिच्या सालीवर नखाने हलकेच खरवडलं. वरचा राखाडी पापुद्रा निघाला, खाली ओला पोपटी रंग दिसला आणि नखाला ओल लागली. सचिवांना म्हटलं, तुम्हीही करून बघा. त्यांनी दुसऱ्या डहाळीवर करून बघितलं, मग तिसऱ्या. शेजारी उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "मग ह्याला झालंय तरी काय?" काहीच झालेलं नव्हतं. चैत्रात त्याला पालवी फुटली आणि एप्रिलअखेर अख्खं झाड हिरवट-पांढऱ्या गोंडेदार फुलांनी भरून गेलं. रात्री जेवणं उरकून लोक खाली शतपावलीला येतात तेव्हा त्या फुलांचा वास फाटकापर्यंत येतो.

ही नखाची परीक्षा प्रत्येकाला जमते. एकाच डहाळीवर थांबू नका, कारण जिवंत झाडावरही काही डहाळ्या वाळलेल्या असतातच. निरनिराळ्या बाजूंच्या चार-पाच डहाळ्या बघा. डहाळी वाकवून बघा. जिवंत असेल तर ती वाकते, आणि मेलेली असेल तर काडकन मोडते.

आपला जिल्हा अवर्षणाचा. सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतेक चार महिन्यांतला. पानांतून पाणी सारखं उडत असतं, त्यामुळे कोरड्या महिन्यांत पानं गाळून टाकली की झाडाचं पाणी वाचतं. खोडात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर झाड तग धरतं आणि पावसाची वाट न बघता, भर उन्हात, त्याच साठ्यावर फुलतं. पानं नसल्यामुळे फुलं लांबून दिसतात, पाखरं आणि कीटक येतात, परागीभवन होतं. शिरीष, पळस, पांगारा, काटेसावर, बहावा या सगळ्यांचं थोड्याफार फरकाने हेच तंत्र आहे.

खरं तर हे सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको. आपल्या जिल्ह्याचं डाळिंब नावाजलेलं आहे. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावला आहे. तुमच्या सोसायटीत राहणाऱ्यांपैकी कितीजणांची गावाकडे डाळिंबाची बाग असेल. बहार धरायचा म्हणजे काय करतात? आधी पाणी तोडतात, बागेला ताण देतात, पानगळ होऊ देतात आणि मग पाणी सोडतात. मगच कळी निघते. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार, कुठलाही धरा, ताणाशिवाय बहार नाही. शेतात पानगळीवर पैसे खर्च करणारा तोच माणूस शहरात येऊन शिरीषाची पानगळ बघतो आणि करवतवाल्याला फोन करतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्ञान आपल्याकडे आहे, फक्त ते बागेच्या बांधावरच सोडून आपण शहरात येतो.

आता वर्षाकडे वळू. आपलं वर्ष पाडव्याला सुरू होतं, आणि सोलापुरात पाडव्याचं खरं झाड म्हणजे कडुनिंब. माघ-फाल्गुनात त्याची पानं पिवळी पडून भराभर गळतात. अंगणात ढीग साचतो, तक्रारी सुरू होतात आणि तक्रारी संपायच्या आत तांबूस कोवळी पालवी आलेली असते. पाठोपाठ फुलं. कडुनिंबाचं फूल इतकं बारीक की माणसं ते बघतच नाहीत. तळहातावर एखादा तुरा घेऊन बघा. पाच पांढऱ्या पाकळ्या मागे वळलेल्या, मधोमध नळीसारखी पिवळसर उभी रचना, आणि वास मधाच्या जवळचा. संध्याकाळनंतर तो वाढतो. आपण गुढीला पालवी बांधतो आणि गूळ-डाळीबरोबर फुला-पानांची गोळी करून खातो. शहराच्या पूर्वभागात अशोक चौकाकडे गेलात तर तेलुगू पद्मशाली घरांतून उगादीची, म्हणजे त्यांच्या पाडव्याची, पच्चडी होते. त्यात याच फुलांचा कडवटपणा असतो, बरोबर नवी चिंच, गूळ, कैरी. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तिकडच्या मावश्या झाडाखाली स्वच्छ धुतलेलं जुनं लुगडं अंथरतात आणि पहाटे पडलेली फुलं गोळा करून नेतात. फांदी कुणी ओढत नाही. फूल कसं घ्यावं हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

नवी चिंचही याच वेळची. फेब्रुवारी-मार्चमध्ये आकडे पिकतात, फोडून वाळवायला गच्चीवर पडतात. चिंच मूळची आफ्रिकेतली, पण आता तिला परकी म्हणायला जीभ धजत नाही. पुणे रस्त्याच्या दुतर्फा जुने वड आणि चिंचा होत्या. रस्ता रुंद झाला तेव्हा त्या गेल्या. ज्यांनी त्या सावलीतून एसटीने प्रवास केलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

करंजाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सोसायट्यांमध्ये कडुनिंबाखालोखाल हेच झाड जास्त आणि त्याच्यावरच जास्त राग. मार्चमध्ये पानं गळतात. त्याच वेळी मागच्या वर्षीच्या शेंगा पिकून पडतात, म्हणजे कचरा दुप्पट. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा आणि बारीक फोड दिसतात, त्यावरून "झाडाला रोग लागलाय, माणसांना होईल" असं मला गंभीरपणे विचारलेलं आहे. त्या रेघा पान पोखरणाऱ्या अळीच्या आहेत, फोड कोळीवर्गातल्या अतिसूक्ष्म जीवांमुळे येतात. माणसाला त्यांपासून काहीही होत नाही आणि झाडही ते सहज सोसतं. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात करंजाकडे बघा. पारा चाळिशीला टेकलेला असतो, माळ पिवळा पडलेला असतो आणि करंज तुकतुकीत पोपटी पानांनी डवरलेलं असतं. मग फिकट जांभळी-गुलाबी फुलं लागतात आणि सकाळी खालच्या गाडीच्या काचेवर, बोनेटवर त्यांचा सडा पडतो. ती गाडी धुवावी लागते, मान्य आहे. पण तीच गाडी दुपारी दोन वाजता करंजाखाली लावण्यावरून सोसायटीत भांडणं होतात, तीही मी बघितली आहेत.

वैशाखात बहावा, गुलमोहर आणि सोनमोहर एकदम पेटतात. बहाव्याचं सोनेरी झुंबर सगळ्यांना आवडतं. त्याच्या हातभर लांब काळ्या शेंगांना पिकायला जवळजवळ वर्ष लागतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. म्हणजे तुम्ही फुलांच्या वेळी जी शेंग बघता ती गेल्या उन्हाळ्यातली. गुलमोहर मादागास्करहून आलेला. देखणा आहे, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं वरच्या थरात पसरणारी. मुरमाड जमिनीत, चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉक लावलेल्या अळ्यात तो मोठा झाला की वळवाच्या वाऱ्याला टिकत नाही. पार्किंगला लागून गुलमोहर लावू नका, मोकळ्या कोपऱ्यात लावा. सोनमोहर त्याच्यापेक्षा चिवट. फुलं गेल्यावरही त्याच्या तांब्याच्या रंगाच्या शेंगांनी झाड शोभतं, म्हणून त्याला ताम्रशेंगी असंही म्हणतात. मला विचाराल तर रस्त्याकडेला गुलमोहरापेक्षा सोनमोहर बरा.

आता मला खरोखर कळकळीने सांगायचं आहे ते मे महिन्याच्या छाटणीबद्दल. "पावसाळ्याआधी छाटून घ्या" असा शिरस्ता पडला आहे. मे उजाडला की टेम्पो फिरू लागतात, आणि कडुनिंब, करंज, वर्षावृक्ष, जे सापडेल त्याचं मुंडण होतं. विचार करा, नेमक्या कुठल्या वेळी आपण हे करतो? झाडाने साठवलेलं सगळं अन्न खर्चून नुकतीच पालवी काढलेली असते. ती पानं आता पुढच्या वर्षाची कमाई सुरू करणार असतात. पारा ४२-४३ वर असतो आणि आपण सावली काढून टाकतो. इतके दिवस सावलीत असलेली साल एकदम उन्हात येते, भाजते, तडकते आणि तिथून कुजायला सुरुवात होते. कावळ्यांची घरटी बांधून झालेली असतात, ती अंड्यांसकट खाली येतात. आणि वाऱ्यात झाड पडू नये म्हणून जे केलं, त्यानेच ते पुढे पडायला तयार होतं. शेंडा मारलेल्या फांदीला जे धुमारे फुटतात ते जोमदार दिसतात, पण ते फांदीच्या आतल्या लाकडातून आलेले नसतात, वरवरच्या थराला चिकटलेले असतात. दोन-तीन वर्षांत ते जड होतात, खालचा कापलेला भाग कुजलेला असतो, आणि एखाद्या वळवाच्या संध्याकाळी धुमारा बुंध्यापासून सोलून निघतो. तो गाडीवर पडला की पुढच्या सभेत अख्खं झाड तोडायचा ठराव येतो.

छाटणी लागते, मी नाही म्हणत नाही. तीवरच माझं पोट आहे. पण वाळलेल्या फांद्या केव्हाही काढता येतात, आणि जिवंत फांद्या काढायच्या तर झाड विसावलेलं असताना, पालवी फुटायच्या आधी. एका वेळी पानांच्या पसाऱ्याचा पाव भागापेक्षा जास्त नाही. कापायचं कुठे, तर फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर गळपट्टा दिसतो, त्याच्या लगत बाहेरून. खोडाला घासून कापलं तर गळपट्टा जातो आणि जखम भरत नाही. वीतभर खुंट ठेवला तर तो कुजतो. फांदी जड असेल तर आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून कापून वजन उतरवायचं आणि शेवटी गळपट्ट्यालगतचा नीट काप. असं केलं की साल खालपर्यंत सोलत जात नाही. कापलेल्या जागी डांबर, रंग, गेरू काहीही फासू नका, झाड ती जखम स्वतः बाजूने वळ आणून बंद करतं. हे तीन काप घ्यायला एका झटक्यात फांदी पाडण्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो. तुमचा ठेकेदार तो वेळ लावतो का, एवढं जरी कमिटीतल्या एखाद्याने उभं राहून बघितलं तरी पुष्कळ झाडं वाचतील.

आणि झाडाच्या बुंध्याशी पाला जाळू नका. सालीच्या आत लगेच असलेला जिवंत थर त्या उष्णतेने मरतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि वर्षभराने एक बाजू वाळते. तोच पाला अळ्यात चार बोटं जाडीने पसरून ठेवला तर ओल टिकते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मग तरी हा फुकटचा पाला आपण का जाळतो?

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. जूनच्या पहिल्या सरीला वृक्षारोपण करायची, फोटो काढायची घाई होते आणि आपल्याकडे मृगानंतर पाऊस हमखास दडी मारतो. सोलापुरात पावसाचा भर सप्टेंबरात असतो. आपला जिल्हा ज्वारीचा, तोही रब्बी ज्वारीचा, तो याच पावसामुळे. तेव्हा खड्डे मे महिन्यातच तीन-तीन फुटांचे काढून तापू द्या, पण रोप लावल्यावर जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत पाणी घालणारं माणूस आधी ठरवा. ते ठरलं नसेल तर उत्तरा-हस्ताच्या पावसावर लावा.

त्याच पावसात, सर्वपित्री अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत, पूर्वभागात बतुकम्मा मांडली जाते. ताटात फुलांचा निमुळता मनोरा रचतात, बायका भोवती फेर धरून गातात. त्या मनोऱ्यात पिवळंधमक फूल असतं ते तरवडाचं, आणि गुलाबी-पांढरे तुरे कुर्डूचे. दोन्ही आपल्या माळावरची, कुणी न लावलेली. तरवडाचं झुडूप कंबरेएवढं, खतपाण्याशिवाय मुरमावर वाढणारं, वर्षातले बरेच महिने फुलणारं. त्याच्या पानांवर पांढऱ्या-पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, सालीचा उपयोग पूर्वी कातडी कमावण्यासाठी होत असे. इतकं देखणं आणि काटक झुडूप आपल्या दारात असताना सोसायटीच्या कुंपणाला ड्युरांटा आणि कोनोकार्पस लावायला आपण नर्सरीत पैसे का मोजतो, हे मला कळत नाही. पूर्वी बतुकम्मासाठी जवळच्या माळावर तरवड मिळायचं. आता त्या माळांवर प्लॉट पडले आहेत आणि फुलं लांबून आणावी लागतात. एखाद्या सोसायटीने कुंपणाला तरवड लावलं तर नवरात्रात शेजारच्या बायका ताट घेऊन तुमच्या दारात येतील.

कोनोकार्पसचं नाव निघालंच आहे तर सांगतो. दोन वर्षांत भिंत तयार होते म्हणून तो लावतात. त्याच्या मुळांमुळे पाण्याच्या आणि गटाराच्या नळांना धोका, फुलोऱ्याच्या परागांमुळे सर्दी-दम्याचा त्रास, अशी कारणं देऊन गुजरात सरकारने २०२३ साली तो लावायला बंदी घातली. तुमच्याकडे नवा लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या. आधीच लावलेला असेल तर हळूहळू, एक-एक काढून, मध्ये देशी झुडपं वाढवत न्या.

दसऱ्याला आपट्याची पानं. आपटा आपल्या कोरड्या जमिनीतलं झाड आहे, पण शहरात तो इतका कमी उरलाय की बाजारात जे सोनं म्हणून विकलं जातं त्यात कांचनाची पानं भरपूर असतात. आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि मऊ. यात कांचनाचं दुहेरी नुकसान होतं, कारण त्याचा बहर नेमका दसरा-दिवाळीच्या सुमाराचा. कळ्यांनी भरलेल्या फांद्या पानांसाठी ओरबाडल्या जातात आणि जांभळी फुलं उमलतच नाहीत. तुमच्या आवारात कांचन असेल तर वॉचमनला दसऱ्याच्या आधी तीन दिवस त्याच्याकडे लक्ष ठेवायला सांगा. त्याच्या डहाळ्या वाचल्या की दिवाळीत सकाळी फराळाच्या वेळी खिडकीतून तो बघा.

दिवाळीच्या आसपास बूच फुलतो. उंच, सरळ, खोडाची साल भेगाळलेली, दिवसा कुणी ढुंकून बघणार नाही असं झाड. रात्री त्याची लांब देठाची पांढरी फुलं उमलतात आणि पतंगांसाठी गंध सोडतात. पहाटे फिरायला जाणाऱ्यांना खाली शेकडो फुलं दिसतात. त्या लांब देठांच्या पिपाण्या वाजवलेल्या माणसांना बुचाची ओळख करून द्यावी लागत नाही. "हे झाड काही उपयोगाचं नाही, ना फळ ना सावली" असं एका कमिटीत ऐकलं तेव्हा जुलै होता. मी त्यांना नोव्हेंबरपर्यंत थांबायला सांगितलं. ते थांबले आणि झाड आजही उभं आहे.

हिवाळ्यात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली, बोरं-हुरड्याचे दिवस आले की शहराच्या कडेच्या बाभळींकडे संध्याकाळी जाऊन बघा. भोरड्यांचे थवे रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. मध्य आशियातून आलेली ही गुलाबी-काळी पाखरं फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा आणि पळसाच्या फुलांवर तुटून पडतात, चोची परागांनी माखून घेतात आणि एप्रिलमध्ये परतीच्या वाटेला लागतात. बाभळीला काटे आहेत म्हणून ती आवारातून पहिली जाते. रामकाठी बाभूळ बघितली आहे का तुम्ही? फांद्या पसरत नाहीत, सगळ्या वरच्या दिशेने, खोडालगत. कमी जागेत मावणारं, पाण्याची अपेक्षा नसणारं झाड हवं असेल तर माझ्या मते याहून चांगलं काही नाही. लोक मात्र त्या जागी उंच अशोक लावतात. तो अशोक नव्हेच, आणि आपल्या उन्हात, पाण्याशिवाय, त्याचे शेंडे करपतात.

बोगनवेलीबद्दल एकच सांगतो. ती फुलत नाही म्हणून जास्त पाणी घालणारे खूप भेटतात. पाणी कमी करा. जास्त पाण्यावर ती नुसती पानं आणि काटे वाढवते. ताण मिळाला की रंगीत पानं येतात, आणि त्यांच्या मधोमध जी बारीक पांढरट नळी दिसते ते तिचं खरं फूल. पांढऱ्या चाफ्यालाही हिवाळ्यात बोडका झालेला बघून खत-पाण्याचा मारा होतो. त्याला तसाच राहू द्या. पाणी साचलं की त्याच्या मांसल फांद्या आतून सडतात.

आता जी झाडं खरोखर थांबू शकत नाहीत, त्यांच्याबद्दल. झाड पूर्वीपासून तिरकं असेल तर घाबरायचं कारण नाही. पण ते अलीकडे कललं असेल, आणि कलण्याच्या उलट बाजूची माती उचलली गेली किंवा जमिनीला नवी भेग पडली असेल, तर लगेच माणूस बोलवा. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतातच, म्हणून भेग बुंध्याभोवती कमानीसारखी आहे का ते बघा. बुंध्याशी, जमिनीलगत, लाकडासारखं कडक, कडेला पांढरं असं अळंबं उगवलं असेल, विशेषतः जुन्या गुलमोहराला, तर मुळं कुजलेली असण्याची दाट शक्यता आहे. वर पानं हिरवीगार असली तरी. दोन जाड खोडांच्या बेचक्यात उभी चीर पडून ती वाऱ्यात उघड-मिट करत असेल, तरी तेच. अशा झाडाखालून आधी गाड्या आणि मुलांचा खेळ हलवा, मग तपासणी. अशी झाडं मी स्वतः काढली आहेत आणि पुढेही काढीन.

कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा संरक्षण व जतन अधिनियम आहे, आणि तो खासगी आवारातल्या झाडालाही लागू आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, सोसायटीचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे, आणि झाड काढायची परवानगी मिळालीच तर त्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आहे. चाळीस वर्षांचं कडुनिंब पार्किंगच्या एका जागेसाठी काढायचं म्हणजे चाळीस झाडं लावायची. ती तुमच्या आवारात कुठे मावणार, याचा हिशेब सभेत आधी मांडा.

तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होईल. त्या सभेत एवढंच करा. एक साधी वही घ्या, आवारातल्या प्रत्येक झाडाला एक पान द्या आणि पानावर चैत्र ते फाल्गुन असे बारा रकाने पाडा. पान कधी गळलं, पालवी कधी आली, फूल, फळ, कुठलं पाखरू आलं, कुठली फांदी वाळली. वॉचमन, माळी, शाळेतली मुलं, निवृत्त मंडळी, कुणीही लिहू दे. शिकलेल्याच माणसाने लिहावं असं काही नाही. पूर्वभागातल्या ज्या मावश्या पाडव्याला फुलं वेचतात, त्यांना या वहीतल्या निम्म्या नोंदी तोंडपाठ असतील, त्यांना जरूर विचारा. धोक्याचं झाड सोडून बाकी कुठल्याही झाडाबद्दलचा विषय या वेळी आला तर तो पुढच्या वर्षीच्या सभेपर्यंत राखून ठेवा आणि त्या सभेत वही समोर ठेवून बोला. वही भरताना एखादं झाड ओळखू आलं नाही, किंवा एखादी खूण बघून शंका आली, तर कळवा. मी येऊन बघून जाईन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपला,
झाडांची निगा राखणारा एक सोलापूरकर